घालणारीचा साज, दिग्दर्शिकेचा रिमोट

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्र्यांसाठी पॅटर्नची थ्रीडी मॉडेलं करून देणारे दोन तरुण राजारामपुरीत एका खोलीत काम करतात. त्यांच्याकडे एक लेझीम पथक वेगळंच काम घेऊन आलं. पथकातल्या निम्म्याहून जास्त मुली नोकरी-लग्नामुळे पुण्याला, बंगळूरला, दुबईला पांगल्या होत्या. एकत्र नाचायची हौस मात्र कुणाचीच सुटली नव्हती. पथकाच्या दिग्दर्शिका निवृत्त नृत्यशिक्षिका आहेत आणि सगळ्या त्यांना ताई म्हणतात. त्यांनी ठरवलं की प्रयोग आभासी जगात करायचा, प्रत्येकीने आपल्या घरून, आपल्या ॲव्हटारने, म्हणजे पडद्यावरच्या आपल्या रूपाने. जागा निवडली सेकंड लाइफ. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने 2003 साली सुरू केलेलं हे जग आजही चालू आहे, आणि तिथे लागणाऱ्या बहुतेक वस्तू वापरणारेच बनवतात.

ताईंची मागणी साधी वाटणारी होती. प्रत्येकीच्या डोक्याला फेटा, गळ्यात कोल्हापुरी साज, नाकात नथ, खांद्यावर शेला, हातात लेझीम, आणि या सगळ्याचा रिमोट ताईंच्या हातात. हलगीचा ठेका बदलला की सगळे फेटे केशरीचे गुलाबी झाले पाहिजेत. समेवर साज लकाकला पाहिजे. नाचणारीने त्यात लक्ष घालायचं नाही.

मी या कामात उशिरा आलो, स्क्रिप्टा, म्हणजे वस्तूंना चालवणारे छोटे प्रोग्राम, तपासायला. तोवर वस्तू तयार होत्या, तालमी सुरू होत्या आणि एक प्रसंग घडून गेला होता. त्या प्रसंगाने सगळी रचना मुळापासून बदलायला लावली, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं. ॲव्हटारच्या अंगावरच्या वस्तू दुरून चालवण्याचं तंत्र अवघड नाही. अवघड आहे ते त्या वस्तूंनी कुणाचं ऐकायचं, किती ऐकायचं आणि कधी ऐकायचं थांबवायचं, हे ठरवणं.

साज कसा घडला

आधी साजाबद्दल सांगतो, कारण त्या दोघा मुलांची खरी मेहनत तिथे दिसते. परंपरेने साजाला 21 पानं धरतात: दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि एक डोरल्याचं. हल्ली दहा-बारा पानांचे साजही सर्रास मिळतात, पण ताईंना पूर्ण साज हवा होता. मुलं गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, एका जुन्या कारागिराकडे गेली. काकांनी पान उघडून दाखवलं: वरून पातळ पत्रा, आत लाख. त्यामुळे पान फुगीर दिसतं आणि वजनाला हलकं राहतं. दोन पानांच्या मध्ये जवमणी, म्हणजे जवाच्या आकाराचे मणी. मुलांनी प्रत्येक पानाचे फोटो काढले, मासा, कासव, शंख, नाग, भुंगा असे एकेक आकार ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उभे केले.

इथे जगाच्या नियमांशी पहिली गाठ पडली. सेकंड लाइफमध्ये एका मेश वस्तूला, म्हणजे अशा सॉफ्टवेअरमध्ये घडवलेल्या आकाराला, जास्तीत जास्त आठ फेस मिळतात, म्हणजे स्वतंत्रपणे रंगवता येणारे आठ भाग. पानं 21. प्रत्येक पान वेगळी वस्तू करून जोडता आलं असतं, पण साज जड झाला असता. मुलांनी परंपरेतलीच वाटणी वापरली. दशावताराची दहा पानं एक फेस, अष्टमंगलाची आठ दुसरा, माणिक, पाचू आणि डोरलं प्रत्येकी एकेक, जवमणी आणि सर मिळून एक. सहा फेसमध्ये अख्खा साज बसला, आणि रिमोटवरून ‘फक्त माणिक उजळ’ किंवा ‘दशावताराची पानं लकाकू दे’ असं सांगणंही शक्य झालं. मला हा भाग फार आवडला. जुन्या कारागिरांनी अर्थाप्रमाणे जी विभागणी केली होती, तीच यंत्राच्या मर्यादेत चपखल बसली.

काकांनी पडद्यावर साज पाहिला आणि एकच खोट काढली. “पोरांनो, पान सुटं हललं पाहिजे. सगळं एकगठ्ठा हललं तर तो साज नव्हं, पट्टा झाला.” बरोबरच होतं त्यांचं. साज ॲव्हटारच्या सांगाड्याला बांधलेला, म्हणजे रिग केलेला होता. अशी वस्तू शरीराची हाडं हलतील तशीच हलते, स्क्रिप्टने तिचं एकेक पान झुलवता येत नाही. तूर्त सोन्याच्या चमकेवर भागवलं. 2023 पासून तिथे पीबीआर मटेरियल, म्हणजे खऱ्या पदार्थासारखा उजेड परतवणारे पृष्ठभाग, आली आहेत, त्यामुळे धातू धातूसारखा दिसतो आणि कॅमेरा फिरला की उजेड पत्र्यावरून आपोआप सरकतो. काकांचं समाधान अर्धंच झालं.

पहिला रिमोट

आभासी जगातल्या वस्तू एकमेकींशी बोलतात त्या चॅटच्याच मार्गाने, फक्त वेगळ्या चॅनेलवर. लोकांच्या गप्पा शून्य नंबरच्या चॅनेलवर चालतात. स्क्रिप्टला दुसरा कुठलाही पूर्णांक निवडता येतो, ऋणसुद्धा. एक वस्तू त्या नंबरवर मजकूर टाकते, त्याच नंबरवर कान लावून बसलेली दुसरी वस्तू तो ऐकते. किती लांब ऐकू जाणार हे कुठल्या फंक्शनने बोललात त्यावर ठरतं. कुजबूज 10 मीटर, साधं बोलणं 20, ओरडणं 100, आणि ‘रीजन से’ वापरलं तर अख्ख्या रीजनभर. एक रीजन म्हणजे 256 गुणिले 256 मीटरचा चौरस.

मुलांनी एक नंबर निवडला, सगळ्या वस्तूंना तो दिला आणि ताईंच्या पडद्यावर तरंगणारी बटणपट्टी करून दिली, जिला तिथे एचयूडी म्हणतात. बटण दाबलं की रीजनभर आज्ञा जायची: फेटा गुलाबी, साज लकाक, सगळं उतरव. शेवटचं बटण ताईंनीच मागून घेतलं होतं. प्रयोग संपला की सगळ्यांचा पोशाख एकदम उतरून पुढच्या नाचाचा चढवायचा होता.

तालमीत हे झकास चाललं. डझनभर फेटे एका झटक्यात रंग बदलताना पाहिले की कुणीही खूश होईल.

मग तो प्रसंग. तालीम आटोपली होती. पुण्याची मुलगी त्याच रीजनच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणींच्या घोळक्यात गप्पा मारत उभी होती, पोशाख अंगावर तसाच. इकडे ताई पुढच्या नाचाची तयारी तपासत होत्या. त्यांनी ‘सगळं उतरव’ दाबलं. तिकडे चारचौघांत तिचा फेटा गेला, साज गेला, नथ गेली, शेला खांद्यावरून नाहीसा झाला. आत साधा पोशाख होता, त्यामुळे वेळ निभावली. पण ती संतापली. पथकाच्या व्हॉइस कॉलवर ती एवढंच बोलली: “ताई, माझ्या अंगावरचं मला न इचारता उतरतंय कसं?”

ॲव्हटार म्हणजे नुसतं चित्र, त्याचं काय एवढं, असं पथकातल्या एक-दोघी म्हणाल्या. मला ते पटत नाही. माणूस ज्या रूपात चारचौघांत वावरतो, त्या रूपाला कुणी हात घातला तर तो त्यालाच लागतो.

यंत्र विचारत नाही

हे घडलं कसं? सेकंड लाइफची परवानगीपद्धत असताना कुणालाच का विचारलं गेलं नाही?

कारण तिथल्या नियमातच आहे. एखाद्या स्क्रिप्टला तुमच्या ॲव्हटारवर काही करायचं असेल तर आधी परवानगी मागावी लागते. ॲनिमेशन चालवायची, वस्तू चढवायची-उतरवायची, कीबोर्डचा ताबा घ्यायची, पैसे काढायची, सगळ्याची वेगळी. जमिनीवर पडलेल्या वस्तूने मागितली तर समोर पाटी येते. पण जी वस्तू तुम्ही आधीच अंगावर घातली आहे, तिने ॲनिमेशन, उतरवणं आणि कीबोर्ड या परवानग्या मागितल्या तर त्या मुकाट दिल्या जातात. पाटी येतच नाही. त्यामागचा विचार असा की घातलीस म्हणजे तुझा विश्वास आहे.

तो विश्वास वस्तूवर असतो. वस्तू पुढे दुसऱ्या कुणाच्या आज्ञेवर चालणार असेल तर ती गोष्ट सिस्टीमला कळतच नाही. म्हणजे घालणारीची संमती विचारायची जबाबदारी पूर्णपणे वस्तू बनवणाऱ्यावर येते. रिमोटवर चालणारी अंगावरची कुठलीही वस्तू बनवणाऱ्याने ही एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी.

दुसरी उणीव चॅनेलची. नंबर गुप्त ठेवला की झालं, असा समज सगळीकडे आढळतो. पण स्क्रिप्ट ज्याच्या हाती आहे त्याला नंबर दिसतो, आणि एकदा नंबर फुटला की त्या रीजनमधला कुणीही साधी वस्तू करून ‘सगळं उतरव’ ओरडू शकतो. पहिल्या रचनेत वस्तू आज्ञा ऐकायची, आज्ञा देणारा कोण ते बघायची नाही.

ताईंची बाजू

बैठकीत ताईंनी आपली बाजू ठामपणे मांडली. “रंगमंचावर शिस्त एकाचीच चालते. केशवराव भोसले नाट्यगृहात प्रयोग करायचो तेव्हा विंगेत उभा असलेला माणूस फेट्याला टाचणी लावायचा, कुणाला विचारत नव्हता. बारा जणींना विचारत बसले तर हलगी थांबेल.”

यात तथ्य आहे. सामूहिक नाचात प्रत्येक बदलाला प्रत्येकीची संमती मागितली तर नाच राहत नाही. पण विंगेतला माणूस हाताच्या अंतरावर असतो. तो कोण हे नाचणारीला दिसतं, नको असेल तर ती मान मागे घेते, आणि प्रयोग संपला की त्याचा हातही संपतो. रिमोटला यातलं काहीच नसतं. तो 256 मीटरवरून, न दिसता, प्रयोग संपल्यावरही चालतो. म्हणून मी असं सुचवलं की विंगेतल्या माणसाला आपसूक असलेली तिन्ही बंधनं रिमोटला मुद्दाम घालायची: तो कोणाचा आहे ते दिसलं पाहिजे, घालणारीला केव्हाही नाकारता आलं पाहिजे, आणि प्रयोगाबरोबर त्याचा अंमल संपला पाहिजे. ताई जरा विचारात पडल्या, मग म्हणाल्या, “करून दाखवा. हलगी थांबली नाही तर माझी हरकत नाही.”

नवी रचना

ताबा आता घालणारी स्वतः सोपवते. साजाला क्लिक केलं की मेनू उघडतो, जवळच्या ॲव्हटारांची नावं येतात, त्यातून ती ताईंना निवडते. साज ताईंची ओळख, म्हणजे सेकंड लाइफमधली प्रत्येक खात्याची वेगळी असलेली की, साठवून ठेवतो.

मेनूच्या बटणावर काय लिहायचं यावर मात्र बराच वेळ गेला. तिथे बटणाच्या मजकुराला 24 बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीत 24 अक्षरं बसतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं, काना-मात्राही वेगळी धरून. म्हणजे हातात आठच चिन्हं. ‘ताबा द्या’ लिहायला गेलं की आठ चिन्हांचे 24 आणि मधल्या मोकळ्या जागेचा एक, असे 25 होतात आणि मेनू उघडण्याऐवजी एरर येतो. ‘ताबा दे’ बसत होतं, पण पथकात पन्नाशी ओलांडलेल्या बायकाही आहेत, त्यांना अरेतुरे करणारं बटण मुलांना नको होतं. शेवटी ‘सोपवा’ ठरलं, पंधरा बाइट. ताबा परत घ्यायच्या बटणावर ‘मोकळं’, तेही पंधरा. असं काही मराठीतून बनवणाऱ्याने शब्द ठरवताना बाइट मोजून घ्यावेत.

आज्ञा पाठवायची पद्धतही बदलली. रीजनभर ओरडण्याऐवजी आता ‘रीजन से टू’ वापरतात. त्यात ॲव्हटारची की घालून पाठवलेला निरोप शून्य सोडून दुसऱ्या चॅनेलवर फक्त त्या ॲव्हटारने अंगावर घातलेल्या वस्तूंनाच ऐकू जातो. चॅनेलचा नंबरही प्रत्येकीचा वेगळा, तिच्या कीमधूनच काढलेला. याने दोन फायदे झाले: बाहेरच्या कुणाच्या कानावर निरोप पडत नाही, आणि एका आज्ञेने सगळ्या वस्तूंच्या स्क्रिप्टा विनाकारण जाग्या होत नाहीत.

निरोप आला की साज पहिल्यांदा पाठवणाऱ्या वस्तूचा मालक कोण ते तपासतो. त्यासाठी तयार फंक्शन आहे. मालकाची की साठवलेल्या कीशी जुळली तरच पुढे. पाठवणारी वस्तू त्या रीजनमध्ये नसेल तर ते फंक्शन मालकाऐवजी त्या वस्तूचीच की परत देतं, म्हणजे जुळणी फसते आणि आज्ञा बाद होते. चूक झाली तरी ती नकाराच्या बाजूला होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आज्ञांची दोन गटांत विभागणी केली. रंग, चमक आणि लेझीमचा आवाज एकदा सोपवलं की ताईंच्या हाती. शरीराची हालचाल आणि वस्तू उतरवणं मात्र वेगळं. हालचालीची संमती वेगळ्या बटणाने द्यावी लागते. उतरवण्याचा अधिकार रिमोटला उरलेलाच नाही. ताईंनी बटण दाबलं तर घालणारीच्या पडद्यावर प्रश्न येतो, ती हो म्हणाली तरच वस्तू उतरते. पोशाखबदलाला त्यामुळे थोडा जास्त वेळ जातो, तो नाचाच्या मध्ये निवेदन घालून भरून काढला.

अंमल संपवायचा मुद्दा सगळ्यांत फसवा निघाला. अंगावरची वस्तू काढून ठेवली, अगदी लॉगआउट केलं, तरी तिच्या स्क्रिप्टची आठवण पुसली जात नाही. पुन्हा घातली की तिथूनच पुढे सुरू. म्हणजे मुद्दाम पुसलं नाही तर आज दिलेला ताबा पुढच्या वर्षीही जिवंत राहील. म्हणून साज उतरला की साठवलेली की पुसायची, मालक बदलला की पुसायची, ताई रीजन सोडून गेल्या की पुसायची, आणि ठरावीक वेळ उलटली की तशीही पुसायची. पुसली गेली की घालणारीला एका ओळीत कळवायचं.

लिंडन लॅबची ‘एक्स्पिरियन्स’ नावाची सोय वापरावी का, यावरही बोलणं झालं. त्यात एकदा संमती दिली की पुढे विचारणं नाही. आमची अडचण नेमकी तीच होती. सरसकट आणि कायमची संमती आम्हाला नको होती, शिवाय ती सोय जमिनीच्या मालकानेही चालू करावी लागते. ती सोडून दिली.

ताईंना रिमोट फोनवरही हवा होता. जगाबाहेरून आज्ञा आणायची तर स्क्रिप्ट स्वतःसाठी वेबपत्ता मागून घेऊ शकते, पण रीजन बदललं किंवा रीस्टार्ट झालं की तो पत्ता मरतो आणि नवा घ्यावा लागतो. मुलांनी फोन फक्त ताईंच्या एचयूडीला जोडला. साज आणि फेट्याला बाहेरच्या जगाशी कसलंही नातं ठेवलं नाही.

या सगळ्याची चाचणी आधी ओपनसिमवर झाली. हा 2007 पासूनचा मुक्त सर्व्हर स्वतःच्या संगणकावर चालतो. सेकंड लाइफमध्ये साधं टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चिकटवायचं चित्र, चढवायला 10 लिंडन डॉलर पडतात, इथे कितीही वेळा चढवा, फुकट. साजाच्या सोन्याचा रंग जमेपर्यंत मुलांनी किती टेक्स्चरं चढवली असतील ते बघता हा निर्णय शहाणपणाचा होता.

प्रयोग

ताईंच्या एचयूडीवर आता प्रत्येकीच्या नावापुढे एक ठिपका असतो. ताबा सोपवला असेल आणि वस्तूने उलट उत्तर दिलं असेल तर हिरवा, नाहीतर राखाडी. रंग बदलायच्या आज्ञाही ऐनवेळी एकेक पाठवत नाहीत. नाचाचा सगळा क्रम आधीच वस्तूंकडे जातो, समेवर ताई फक्त एक इशारा देतात. निरोप छोटा, काम पटकन. हलगी थांबली नाही.

प्रयोगाच्या दिवशी पुण्याच्या त्या मुलीचा ठिपका राखाडी होता. तिने ताबा सोपवला नव्हता आणि तसं आधी सांगितलंही होतं: “मी नाचतो ताई, पण फेटा माझा मी बघतो.” (आमच्याकडे बायकाही असंच बोलतात.) जुन्या रचनेत हे कळायला मार्ग नव्हता, नाच सुरू झाल्यावर एकच फेटा वेगळा दिसला असता आणि गोंधळ वाटला असता. ताईंना ते प्रयोगाआधीच दिसलं. त्यांनी तिला रांगेतून काढून सगळ्यांच्या पुढे, लेझीमच्या म्होरकीच्या जागी उभं केलं. ठेका बदलला तेव्हा मागचे सगळे फेटे गुलाबी झाले आणि पुढे एकटीचा केशरी राहिला. पाहणाऱ्यांना ती दिग्दर्शनाची कल्पना वाटली, आणि एका अर्थी ती होतीच.

आता मुलं काकांच्या तक्रारीकडे वळली आहेत. 2018 पासून तिथे ॲनिमेश आहे, म्हणजे वस्तूला स्वतःचा सांगाडा देता येतो. साजाला तो दिला तर पानं सुटी झुलतील. पण साध्या खात्याला अशी एकच वस्तू अंगावर घालता येते. साजाने ती जागा घेतली तर फेट्याच्या शेमल्याला ती उरणार नाही. शेमला वाऱ्यावर उडायला हवा, असा ताईंचा हट्ट आहे. गुजरीतल्या काकांना पुढच्या तालमीला पडद्यासमोर बसवायचं आणि दोन्ही दाखवून त्यांच्याच तोंडून निकाल घ्यायचा, असं तूर्त ठरलं आहे.